बोटीच्या पोटातली पेट्रोलची टाकी बदलायची आहे (२१ फुटी, ॲल्युमिनियम, २२७ लिटर)

चेसापीककर | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. इथे होड्यांवर फारसं कोणी लिहीत नाही हे माहीत आहे, पण इंग्रजीत विचारून विचारून डोकं फिरलंय, म्हणून मराठीत गाऱ्हाणं घालतोय.

मी मेरीलँडमध्ये ॲनापोलिसजवळ राहतो. सहा वर्षांपूर्वी एक जुनी बोट घेतली. १९९७ सालची, फायबरची, २१ फूट, स्टिअरिंग मधोमध, मागे १५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. टाकी डेकच्या खाली, बोटीच्या पोटात. ६० गॅलन, म्हणजे २२७ लिटर. टाकीच्या चारी बाजूंनी फोम ओतून ती आत चिणलेली आहे, अनारकलीसारखी. वर अख्खं डेक. दिसतं फक्त वीतभर व्यासाचं गोल झाकण, त्याखाली पेट्रोल किती आहे ते सांगणारा सेंडर.

गेल्या उन्हाळ्यापासून पेट्रोलचा वास यायचा. भरताना सांडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. बायको दोनदा म्हणाली, "हा सांडल्याचा वास नाही." गेल्या रविवारी बोट ट्रेलरवर घालून दारात आणली आणि मागचा बूच काढला. नेहमी तांब्याभर पाणी येतं, तसं आलं. पण ओघळ ड्राइव्हवेवरून उतरताना त्यावर मोरपंखी रंग फिरायला लागले. बोट पाण्यात असती तर हा तवंग खाडीत गेला असता आणि मला कोस्ट गार्डला कळवावं लागलं असतं.

टाकीत अजून साधारण अर्धं पेट्रोल आहे. एका वर्कशॉपने सात हजार डॉलर सांगितले, तेही मार्चनंतर. बोटच मी नऊ हजाराला घेतली होती.

दुरुस्त होते का? नवीन घ्यायची तर प्लास्टिक की ॲल्युमिनियम? फोम परत ओतायचा का? आणि घरी करण्यासारखं काम आहे का हे?

---

तारकर्ली_१६ | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

गाववाल्यानू, आमच्याकडे टाकी म्हणजे २४ लिटरचो लाल डबो. होडयेत मागे ठेवायचो, नळी जोडायची, नळीवरचो रबरी बल्ब दाबायचो, सुटायचा. फुटलो तर उचलून फेकायचो नि दुसरो आणायचो. पोटात घालून वर सिमेंट केल्यासारखा कित्याक करतत देव जाणे.

गंमत सोडा. वास येतोय तर पेट्रोल आधी बाहेर काढा, बाकीची चर्चा नंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या बुडाशी बसून राहते. आमच्या बंदरावर एकाने बंद केबिनमध्ये चावी फिरवली होती. माणूस वाचला, भुवया अजून आलेल्या नाहीत.

---

पुणेरी_नळजोड | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

बाइकच्या टाक्यांना आतून लावायचं इपॉक्सीचं लायनर मिळतं. ओतायचं, हलवायचं, सुकवायचं. माझ्या जुन्या बुलेटला अकरा वर्षं टिकलंय. सात हजार डॉलर कशाला?

---

जहाजबांध | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

वास्कोहून लिहितोय, बोटी बांधण्यातच आयुष्य गेलं.

नळजोड, बुलेटची टाकी दोन हातांत धरून हलवता येते. ही दीड मीटर लांब, आत आडव्या पडद्या. पेट्रोल लाटेबरोबर हेलकावू नये म्हणून त्या असतात. त्यांच्यामागे लायनर नीट पोचणार नाही. शिवाय आज एक भोक बुजवलं तर शेजारची दहा पापुद्र्यावर आलेली असतात. ही टाकी बदलायचीच.

चेसापीककर, काम घरी होईल, पण क्रम चुकवू नका. सगळी झाकणं उघडून आधी वारा खेळू द्या. बॅटरीच्या तारा त्यानंतर सोडायच्या, कारण तार सोडताना ठिणगी पडते. मग हातपंपाने पेट्रोल काढा. कॅन जमिनीवर ठेवून भरायचे, पिकअपच्या मागच्या प्लास्टिक अस्तरावर नाही, स्थिर विजेने पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. डेक कापताना नेहमीची विजेची करवत वापरू नका. तिच्या मोटरमध्ये सतत बारीक ठिणग्या उडत असतात. हवेवर चालणारी करवत आणा, कॉम्प्रेसर लांब ठेवा.

आणि कापताना कडेला चार-पाच सेंटिमीटरची ओठाळी ठेवा, म्हणजे कापलेला तुकडा परत त्याच्यावर बसवता येईल.

---

रसायनी_ताई | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

तुमच्याकडे पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं ना? इथेनॉल पाणी ओढतं. अशा पेट्रोलमध्ये पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं की ते आणखी विरघळू शकत नाही. पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. इंजिनाची नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाच्या तोंडी पहिला तोच येणार. काढलेलं पेट्रोल पारदर्शक बरणीत रात्रभर ठेवून बघा.

---

स्कूटरवाला_ठाणे | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

म्हणजे इथेनॉलनेच टाकी खाल्ली! आपल्याकडे आता २० टक्के झालंय. माझ्या स्कूटरचं ॲव्हरेज तेव्हापासून

---

कुंपणावरची | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:२५

स्कूटरवाले, त्याच्यावर ३०० प्रतिसादांचा वेगळा धागा आहे. इथे बोट बुडतेय, तिला आधी वाचवू.

(चेसापीककर, फोटो टाका. आणि बायकोचं ऐकत जा.)

---

रसायनी_ताई | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

इथेनॉलने खाल्ली असं मी म्हटलेलं नाही. टाकी बाहेर काढाल तेव्हा एकच गोष्ट बघून सांगा: भोकाचं रुंद तोंड कुठल्या बाजूला आहे, आतल्या की बाहेरच्या?

---

चेसापीककर | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१०

उशीर झाला, पण टाकी बाहेर आली! पाठ गेली ती वेगळी.

पेट्रोल ११० लिटरच्या आसपास निघालं, १९ लिटरचे सहा कॅन. शेवटच्या कॅनमधलं बरणीत ठेवलं. सकाळी तळाशी बोटभर गढूळ थर होता, ताई. तो कॅन काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला.

चार दिवस ताडपत्रीखाली पंखा लावून हवा खेळवली. पंखा लांब ठेवून हवा नळीतून आत सोडली, जहाजबांध, ओरडू नका. मग डेक कापलं. हवेची करवत भाड्याने आणली होती. आवाज असा की शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

टाकी बसते त्या खळग्याला इथले बोटवाले 'कॉफिन' म्हणजे शवपेटी म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. डेकचा तुकडा उचलला तर आतून तळ्यातल्या चिखलासारखा वास आला, पेट्रोलचा नंतर. फोम पिवळट-तपकिरी झालेला. एक तुकडा तोडून मुठीत दाबला तर मनगटावरून पाणी ओघळलं. लाकडी फळीसारखा कडक असायला हवा होता तो, निघाला भिजलेला पाव.

हा फोम टाकीला असा चिकटलेला असतो की नुसती क्रेन लावून ओढली तर बोटच ट्रेलरवरून उचलली जाते. लांब पात्याच्या हातकरवतीने चारी बाजू कापल्या. तळाला करवत पोचेना. तेव्हा पोलादी तार दोन्ही बाजूंनी धरून, साबणाची लादी कापतात तशी, मुलगा नि मी आलटून पालटून ओढत राहिलो. तीन तास. मग इंजिन उचलायच्या भाड्याच्या क्रेनने हळूहळू वर घेतली. सुटताना चिखलातून गमबूट निघतो तसा आवाज झाला.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. तळाच्या मागच्या कोपऱ्यात पांढरी पूड जमलेली होती, भिजलेल्या चुनखडीसारखी. ती ब्रशने काढली तर खाली खड्डेच खड्डे. मोहरीएवढी दोन आरपार भोकं. एका खड्ड्यात स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आत गेला, कागदात जावा तसा. खड्ड्यांची रुंद तोंडं सगळी बाहेरच्या बाजूला. आतून टाकी काळवंडलेली, पण खरखरीत नाही.

---

रसायनी_ताई | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मग इथेनॉल निर्दोष. निदान या खुनात तरी.

ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्या अंगावर आपोआप चढणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो थर परत चढतो. ओला फोम अंगाला चिकटून बसला की तिथे ताजा ऑक्सिजन पोचत नाही, आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो थर पोखरतं. एकदा छोटा खड्डा झाला की त्याच्या आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. ओल्या पोटिसाखाली कातडी पांढरी पडते ना, तसं. इंग्रजीतही याला पोल्टिस करोजन म्हणतात, पोटीस तेच.

तेव्हा खरा प्रश्न असा की ते पाणी फोमपर्यंत पोचलं कुठून. ते शोधल्याशिवाय नवीन टाकी घालू नका.

---

वेल्डिंगवाला_भोसरी | २७ ऑक्टोबर, दुपारी १:०५

जुनी टाकी भंगारात देताना सांगून द्या की पेट्रोलची आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी, रिकामीत मोकळं मैदान. आमच्याकडे कापायला आली तर आधी गरम पाण्याने धुतो, मग पाण्याने भरतो आणि वरची रेघभर जागा सोडून कापतो. ग्राइंडर घेऊन घाई करणारे मी बघितलेत, पुन्हा कामावर आलेले नाही बघितले.

नवीन बनवून घेणार असाल तर जुनीचा पत्रा किती जाडीचा होता ते सांगा.

---

चेसापीककर | २७ ऑक्टोबर, रात्री १०:००

व्हर्निअर लावून बघितलं. चांगल्या भागात २.३ मिलिमीटर, म्हणजे इथल्या ०.०९० इंचाच्या मापाचा. नवीन ३.२ मिलिमीटरची सांगतोय, ५०५२ मिश्रधातूचीच. माप १५२ × ६१ × २५ सेंटिमीटर. एक कारखाना ११०० डॉलरला करून देतो म्हणतो, चार आठवड्यांत. प्लास्टिकचं काय करू?

---

वेल्डिंगवाला_भोसरी | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

५०५२ बरोबर. टिग वेल्डिंग करून घ्या. आणि बनवणाऱ्याला सांगा, पडद्यांच्या कोपऱ्यांना कट ठेव, नाहीतर तळाचं पाणी एका कप्प्यात अडकून बसेल.

---

जहाजबांध | २८ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, गंजत नाही ही एकच गोष्ट बघून लोक भाळतात. पण ते पेट्रोल पिऊन फुगतं, लांबी-रुंदीत साधारण दोन टक्के. तुमच्या दीड मीटरला तीन सेंटिमीटर झाले. खळगा नेमक्या मापाचा असेल तर टाकी डेकला खालून ढुशी देईल. आणि मिळणार तयार साच्यातल्याच मापांत. तुमच्या खळग्यात बसणारी मिळाली तर ती २२७ लिटरची नसेल. ॲल्युमिनियमच घ्या.

फोमबद्दल मात्र मी ताईंशी थोडा भांडणार. फोम वाईट नाही. बंद पेशींचा, नीट ओतलेला, धातूला घट्ट चिकटलेला फोम पाणी आत येऊच देत नाही. टाकी हलू देत नाही, आवाज दाबतो, काही बोटींत हलच्या, म्हणजे बोटीच्या कवचाच्या, मजबुतीचा भागही असतो. अमेरिकेच्या नियमांतही फोमला बंदी नाही, फक्त तो कसा असावा ते लिहिलंय. तुमच्या बोटीत फोम आणि धातूच्या मध्ये फट पडली, तिच्यात पाणी उभं राहिलं, आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. दोष वाटेचा.

---

रसायनी_ताई | २८ ऑक्टोबर, दुपारी २:३०

भांडण कुठे आहे, आपण एकच म्हणतोय. पण अठ्ठावीस वर्षं लाटांवर आपटणाऱ्या बोटीत फोम धातूला घट्ट चिकटूनच राहील, ही हमी तुम्ही देता का? फट आज ना उद्या पडणार.

---

जहाजबांध | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

नाही देत. म्हणूनच माझ्या स्वतःच्या बोटीत पट्ट्यांवर बसवली आहे.

---

कुंपणावरची | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:१२

:)) अहो मग हे आधी सांगायचं की.

---

जहाजबांध | २८ ऑक्टोबर, सायंकाळी ५:००

बरं, पट्ट्यांचं सांगतो. पाणी न शोषणाऱ्या पट्ट्या घ्या, निओप्रीन किंवा कडक प्लास्टिक. गालिच्याचे तुकडे कधीही नाही, तो पुन्हा ओला फोमच. पट्टी टाकीला मरीन सीलंटमध्ये पूर्ण बसवून चिकटवा, पट्टी आणि धातूच्या मध्ये पाण्याचा थेंब शिरता कामा नये. नुसती खाली ठेवलेली पट्टी म्हणजे नवीन पोटीस. टाकी खळग्याच्या तळापासून दोन बोटं वर राहू दे, भोवती हवा फिरू दे, आणि खळग्याच्या मागच्या टोकाला बिल्जकडे, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठतं तिकडे, जाणारं भोक आहे का ते बघा.

भरलेल्या टाकीत १७० किलो पेट्रोल असणार. लाटेवर आपटताना ते दुपटी-तिपटीने ढकलतं. पुढे, मागे आणि वरून फायबरचे धारक पक्के लावा.

तुमची बोट २१ फुटी आहे, म्हणून फोम काढायला मी हो म्हणतो. वीस फुटांच्या आतल्या बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगेल अशी सोय तिथल्या कायद्याने लागते, आणि ती बहुधा फोमचीच असते. तशा बोटीत तो काढलात तर तेवढा दुसरीकडे भरावा लागेल.

---

चेसापीककर | ३० नोव्हेंबर, रात्री ८:२५

पाण्याची वाट सापडली. त्या सेंडरवरच्या गोल झाकणाची रिंग डेकला स्क्रूने बसवली होती, आणि खालचं सीलंट वाळून पापडासारखं झालेलं. मी प्रत्येक फेरीनंतर खारट पाणी धुवायला होजपाइपने डेक धुवायचो, तेही अगदी त्या झाकणापाशी उभं राहून. बिल्जकडचं भोक होतं, पण फोम ओततानाच बुजलेलं. म्हणजे सहा वर्षं मीच पाणी घालत होतो. आधीच्या मालकानेही घातलं असेल.

टाकी आली. बसवण्याआधी प्रेशर टेस्ट केली. इथे ३ पीएसआयची (चौरस इंचाला ३ पौंड दाबाची) रीत आहे. कारखानदाराने बजावून सांगितलं की कॉम्प्रेसर लावू नका. मी हिशोब केला: वरचा पत्रा ६० इंच × २४ इंच, म्हणजे १४४० चौरस इंच. त्यावर ३ पीएसआय म्हणजे ४३२० पौंड, जवळजवळ दोन टन! मुलाने सायकलचा पंप मारला, मी साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावलं. एक बारीक बुडबुडा आला तो सेंडरच्या गॅस्केटला, वेल्डिंगला नाही. स्क्रू आवळले. एक तास काटा जागचा हलला नाही.

बाहेरून कोलटार इपॉक्सीचे दोन हात दिले. हे काम गॅरेजमध्ये हीटर लावून केलं, इथे आता दहा अंशांच्या खाली जातंय आणि इपॉक्सी थंडीत वाळत नाही. हीटर चालू होता तेव्हा टाकी कोरी होती, पेट्रोल कधीच न पाहिलेली, हे ओरडणाऱ्यांसाठी.

---

तारकर्ली_१६ | १ डिसेंबर, सकाळी ६:५०

झाक! नळ्या पण बदला हां. टाकी नवी नि नळ्यो जुन्यो, ह्या म्हणजे नव्या नवरीक जुनी चप्पल.

---

जहाजबांध | १ डिसेंबर, सकाळी १०:३०

तारकर्लीकर बरोबर बोलले. इंजिनाकडे जाणारी नळी ए१-१५ छाप असलेली घ्या. ए म्हणजे अडीच मिनिटं आगीत तग धरते, १५ म्हणजे तिच्या भिंतीतून पेट्रोल झिरपायची मर्यादा. भरायची दीड इंची नळी दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्पची. भरायच्या तोंडाच्या पितळी पट्टीपासून टाकीपर्यंत अर्थिंगची तार विसरू नका, पंपाच्या नोझलची स्थिर वीज त्यातून जाते. आणि टाकीतून नळी निघते तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह. नळी फाटली तर टाकी आपोआप रिकामी होऊ नये म्हणून तो असतो.

---

चेसापीककर | १९ एप्रिल, रात्री ९:१५

हिवाळा गेला, बोट पाण्यात गेली. डेकचा तुकडा परत फायबरने चिकटवला नाही. ओठाळीवर सीलंट घालून स्क्रूने आवळलाय, पुढच्या वेळी डेक कापायचं नाही म्हणून. गोल झाकणाची रिंगही नवीन. बायकोने नाक आत घालून मिनिटभर वास घेतला आणि "हं" म्हणाली. एवढंच.

एक भानगड आहे. सध्या टाकीत जेमतेम २० लिटर घातलंय, आणि गेजचा काटा फुल्ल दाखवतोय. वायर दोनदा तपासली. सेंडर नवीन आहे.

---

पुणेरी_नळजोड | २० एप्रिल, सकाळी ८:००

तार कुठेतरी अर्थिंगला लागली असेल. शॉर्ट असला की काटा फुल्ल जातो. सेंडरची तार काढून बघा, काटा रिकाम्याकडे गेला तर वायरिंग ठीक आहे. मग मल्टिमीटरने सेंडरचे ओहम मोजा.

---

चेसापीककर | २० एप्रिल, रात्री १०:३५

तार काढली, काटा रिकाम्याकडे गेला. सेंडर बाहेर काढून मोजला. फ्लोट खाली असताना १० ओहम, हाताने वर उचलला की १८०.

---

पुणेरी_नळजोड | २१ एप्रिल, सकाळी ७:४०

सापडलं. तो युरोपियन सेंडर आहे. तुमच्या अमेरिकन गेजला रिकामं असताना २४० आणि भरलेलं असताना ३३ लागतात. पाच स्क्रूंची भोकं दोन्हींची सारखीच, म्हणून बसला बरोबर आणि बोलतो उलटं. परत करा, २४०-३३ चा मागवा.

(बुलेटच्या लायनरबद्दल माघार घेतो.)

---

तारकर्ली_१६ | २१ एप्रिल, सकाळी ७:५५

नवो सेंडर येईसर काठी घाल नि बघ रे. आमच्या आज्यापासून हेच चललाहा.

---

चेसापीककर | २१ एप्रिल, रात्री ८:१०

भरायची नळी दोन ठिकाणी वाकलेली आहे, काठी जात नाही. सेंडरच्या भोकातून घालून बघितली. मग मरीनावर, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, जाऊन आणखी पाच लिटर घातले. नवीन सेंडर शुक्रवारी येतोय. तोपर्यंत काठीवर पेन्सिलने खुणा केल्या आहेत.